मीठ आणि जोडा

वाशीस पावसाळ्यांत खाडीच्या खारट पाण्यानें भिजलेला जोडा वाळूं लागला, कीं त्याच्या कडेनें पांढुरकी रेषा उमटते. थंड देशांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकतात, तेथें हा डाग हिवाळ्याचा. वाशीस बर्फ नाहीं. पण खाडीकांठचें मीठ फार जुनें आहे.

ठाण्याच्या खाडीच्या कांठीं भरतीचें पाणी बांधांत कोंडून, उन्हांत आटवून मीठ पिकवीत. आगर म्हणजे मिठाचें शेत. आगरी हें नांव त्यावरूनच पडलें असें मानतात. १८९० च्या मुंबई मीठ-कायद्यानें या पिकावर सरकारचा अंमल पक्का झाला, १९३० सालीं सत्याग्रही वडाळ्याच्या मिठागरांवर चालून गेले, आणि १९४७ सालीं मिठावरील कर उठला.

मिठाचें चामड्याशीं नातें मात्र जोडा शिवण्यापूर्वींचें आहे. ताजें कातडें कुजूं नये म्हणून त्यास मीठ चोळतात. तें आंतील पाणी ओढून घेतें व कुजविणाऱ्या जंतूंस वाढूं देत नाहीं. धारावींत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कातडीं कमावण्याचा धंदा रुजला. कमावणाऱ्याचें पहिलें काम म्हणजे कातडें पाण्यांत भिजवून तेंच मीठ धुऊन काढणें.

जोड्यावरील डागाचा उपाय याच रीतींत आहे. खारें पाणी चामड्यांत मुरतें. वाळतांना पाणी उडून जातें आणि मीठ वर राहतें. दमट हवेंत तें पुन्हां ओल धरतें, आणि अशा ओल्यासुक्यानें चामडें ताठरून चिरतें. त्यावर थेट पॉलिश चोळल्यास मीठ आंतच कोंडतें. म्हणून आधीं पिळलेल्या ओल्या फडक्यानें सगळा जोडा एकसारखा पुसावा. डागच तेवढा भिजविल्यास त्याच्या कडेस नवी रेषा उठते. हट्टी डागास निम्मे पाणी घातलेला शिरका लावावा. मग आंत कागद भरून सावलींत वाळवावा आणि शेवटीं तेलाचा हलका हात फिरवावा. पांढरा थर लवदार व कुबट असेल, तर तो मिठाचा नसून बुरशीचा समजावा.

१९७० सालीं सिडको स्थापन झाली, १९७३ सालीं खाडीवर पूल झाला, आणि वाशीचें शहर वाढलें. जोड्यावरचा डाग घटकाभरांत निघतो. मिठागरांत अनवाणी राबणाऱ्यांच्या पायांस खाऱ्या पाण्यानें पडणाऱ्या भेगांवर मात्र इतका सोपा उपाय नव्हता.