यंत्र बांधले कोणी? युनिव्हॅकच्या कंपनीचा मौखिक इतिहास

कोणत्याही यंत्राचा इतिहास लिहिताना पहिला प्रश्न विचारला जातो तो 'शोध कोणी लावला?' हा. पेटंट कोणाच्या नावावर, कंपनी कोणाच्या नावाची, फोटोत मधोमध कोण उभा, एवढे ठरले की इतिहास लिहून झाला असे समजले जाते. आमचा आक्षेप नेमका या समजुतीला आहे. शोध एखाद्याच्या डोक्यात सुरू होत असेल, पण यंत्र डोक्यात बांधले जात नाही. ते बांधायला, चालवायला, बिघडले तर दुरुस्त करायला, दुसऱ्यांना शिकवायला माणसे लागतात. त्या माणसांची नावे कागदावर का नसतात? आणि कागदावर नसतील तर ती शोधायची कुठे? अमेरिकेतल्या एका सुरुवातीच्या संगणक कंपनीचा इतिहास या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देतो, म्हणून तो आपण नीट वाचला पाहिजे.

कंपनीचे नाव एकर्ट-मॉकली कॉम्प्युटर कॉर्पोरेशन. नावातच दोन पुरुषांची आडनावे. प्रेस्पर एकर्ट हे अभियंते आणि जॉन मॉकली हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, अमेरिकन लष्कराने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलला एक गणनयंत्र बांधायला दिले. तोफेच्या गोळ्याचा मार्ग काढण्याचे कोष्टक लष्कराला हवे होते आणि एकेक मार्ग टेबलावरच्या गणनयंत्राने काढायला एका माणसाला तीस-चाळीस तास लागत. त्यातून 'एनिॲक' उभा राहिला. सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब, ३० टन वजन आणि हाताने डाग दिलेले अंदाजे ५० लाख सांधे. फेब्रुवारी १९४६ मध्ये तो जगाला दाखवला गेला. पुढच्याच महिन्यात पेटंटच्या हक्कावरून विद्यापीठाशी बिनसले आणि एकर्ट-मॉकली बाहेर पडले. फिलाडेल्फियातच त्यांनी स्वतःची कंपनी काढली.

या कंपनीकडे कल्पना भरपूर होत्या, पैसा नव्हता. नॉर्थरॉप या विमान कंपनीसाठी 'बायनॅक' हे यंत्र १,००,००० डॉलरला ठरवले आणि बांधायला २,७८,००० डॉलर लागले. जनगणना खात्यासाठी 'युनिव्हॅक' घेतला, त्याचाही हिशेब असाच चुकला. मॉकली यांच्यावर त्या काळच्या कम्युनिस्टविरोधी वातावरणात संशय घेतला गेला आणि लष्करी कामे हातची गेली. मग घोड्यांच्या शर्यतींवर पैजांचे आकडे दाखवणारी यंत्रे करणाऱ्या अमेरिकन टोटलायझेटर कंपनीने सुमारे पाच लाख डॉलर घालून ४० टक्के हिस्सा घेतला. त्या कंपनीतले त्यांचे पाठीराखे हॅरी स्ट्रॉस ऑक्टोबर १९४९ मध्ये विमान अपघातात गेले आणि आधार तुटला. १९५० च्या सुरुवातीला टाइपरायटर विकणाऱ्या रेमिंग्टन रँडने कंपनी विकत घेतली. मार्च १९५१ मध्ये पहिला युनिव्हॅक जनगणना खात्याने स्वीकारला. १९५२ च्या निवडणुकीच्या रात्री एका युनिव्हॅक यंत्राने थोड्याशा मतांवरून आयझेनहॉवर मोठ्या फरकाने जिंकणार असे सांगितले आणि 'युनिव्हॅक' हा शब्द घराघरांत गेला.

हा झाला कागदावरचा इतिहास. यात करार आहेत, रकमा आहेत, मालक आहेत. माणसे किती आहेत, ते मोजून पहा.

आता साक्षीपुराव्याकडे येऊ. या यंत्रांविषयी सर्वात मोठ्या प्रमाणावर तोंडी साक्ष नोंदली गेली ती कोर्टात. एनिॲकचे पेटंट खरे की खोटे, यावर हनीवेल आणि स्पेरी रँड या दोन कंपन्यांत खटला चालला. १९७१-७२ मध्ये मिनियापोलिसच्या कोर्टात १३५ दिवस सुनावणी झाली, ७७ साक्षीदार उभे राहिले. ऑक्टोबर १९७३ मध्ये न्यायमूर्ती लार्सन यांनी पेटंट रद्द केले आणि मॉकली यांनी मूळ कल्पना जॉन अटानासॉफ यांच्याकडून घेतल्याचा निष्कर्ष काढला. हजारो पानांची साक्ष झाली, पण तिचा प्रश्न एकच होता : मालकी कोणाची? श्रम कोणाचे, हा प्रश्न त्या कोर्टापुढे नव्हताच. साक्ष घेणारा जो प्रश्न विचारतो, तेवढेच उत्तर नोंदीत उतरते. मौखिक इतिहासाचा हा पहिला धडा आहे.

मग दुसरा प्रश्न विचारणारे कोणी आले का? आले, पण उशिरा. मिनेसोटा विद्यापीठातल्या चार्ल्स बॅबेज इन्स्टिट्यूटने आणि पुढे कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने संगणक बांधणाऱ्यांच्या दीर्घ मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्यांच्या संहिता ठेवल्या. त्यांत एकर्ट आहेत, कंपनीतले अभियंते आहेत, आणि त्यांच्याबरोबर बेटी होल्बर्टन आणि जीन बार्टिक आहेत. होल्बर्टन यांची मुलाखत १९८३ ची, बार्टिक यांची २००८ ची. एनिॲक जगासमोर आला १९४६ साली. म्हणजे या मुलाखती अनुक्रमे ३७ आणि ६२ वर्षांनंतरच्या.

या दोघी कोण? एनिॲकवर गणिते बसवण्यासाठी सहा स्त्रिया निवडल्या होत्या : के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. जेनिंग्ज म्हणजे पुढच्या जीन बार्टिक, स्नायडर म्हणजे पुढच्या होल्बर्टन. मॅकनल्टी आयर्लंडच्या डोनेगलमध्ये जन्मलेली, जेनिंग्ज मिसुरीच्या शेतकऱ्याची मुलगी. त्या काळी 'कॉम्प्युटर' हा शब्द यंत्राचा नव्हता, हिशेब करणाऱ्या माणसाचा होता, आणि हे काम बहुतांशी स्त्रियांकडे होते. कामाला लागल्यावर त्यांना प्रत्यक्ष यंत्र पाहण्याची परवानगीसुद्धा नव्हती. हातात मोठमोठे आराखडे दिले आणि यावरून समजून घ्या म्हणून सांगितले. शिकवायला पुस्तिका नव्हती, कारण असे यंत्र आधी नव्हतेच. त्या अभियंत्यांना विचारत, आराखडे वाचत, यंत्र आतून शिकल्या. तरी सरकारी श्रेणीत त्यांची नोंद 'व्यावसायिक' दर्जाच्या खालची होती. ज्ञान व्यावसायिकाचे, श्रेणी मदतनिसाची!

होल्बर्टन आणि बार्टिक नंतर एकर्ट-मॉकली यांच्या कंपनीत गेल्या. होल्बर्टन यांनी युनिव्हॅकची सूचनासंहिता घडवण्यात आणि माहितीची वर्गवारी आपोआप करणारा कार्यक्रम तयार करण्यात प्रमुख वाटा उचलला. बार्टिक यांनी बायनॅकसाठी आणि युनिव्हॅकच्या तर्करचनेवर काम केले. १९४९ मध्ये ग्रेस हॉपर आल्या. मानवी भाषेच्या जवळ जाणाऱ्या संगणकभाषांची वाट त्यांच्या कामातून निघाली. या छोट्या, कायम पैशाच्या तंगीत असलेल्या कंपनीत स्त्रियांचे म्हणणे ऐकले जाई, असे बार्टिक आयुष्यभर सांगत राहिल्या. पुढे त्यांचे पती रेमिंग्टन रँडमध्ये नोकरीला लागले, तेव्हा पती-पत्नीने एकाच कंपनीत काम करायचे नाही या नियमावर बोट ठेवून राजीनामा मागितला गेला तो बार्टिक यांचा. होल्बर्टनही १९५३ मध्ये नौदलाच्या संशोधन केंद्रात निघून गेल्या.

इथे थांबून विचार करायला हवा. स्त्रियांना यंत्राची गोडी नसते, त्या या क्षेत्रात स्वतःहून येत नाहीत, असे आजही ऐकवले जाते. ही साक्ष त्याच्या उलट सांगते. त्या सुरुवातीपासून होत्या, गरज होती तेव्हा त्यांना बोलावले होते, आणि नंतर नियम काढून बाहेर काढले गेले. वगळणे हा निसर्ग नसतो, ती व्यवस्था असते. कोणीतरी नियम लिहितो, कोणीतरी सही करतो. हे कळायला करारांची फाईल पुरत नाही. ज्याला बाहेर काढले त्याचे तोंडचे शब्द लागतात.

आता आक्षेप घेतला जाईल की साठ वर्षांनंतरच्या आठवणींवर भरवसा कसा ठेवायचा? आक्षेप रास्त आहे, आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. एक उदाहरण घेऊ. फेब्रुवारी १९४६ च्या प्रात्यक्षिकात तोफगोळ्याचा मार्ग यंत्राने काढून दाखवला, तो गोळ्याच्या प्रत्यक्ष उड्डाणापेक्षाही लवकर. हे गणित यंत्रावर कोणी बसवले? लष्कराचे अधिकारी हर्मन गोल्डस्टाइन यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात ते काम स्वतःच्या आणि पत्नी अडेल यांच्या नावावर लिहिले. बार्टिक आणि होल्बर्टन मात्र ठामपणे म्हणत राहिल्या की ते आम्ही केले. गोळा जमिनीवर आदळल्यावरही गणित पुढे चालूच राहायचे. ही चूक आदल्या रात्री सापडेना, आणि सकाळी उठताना कोणती कळ चुकीची आहे ते होल्बर्टन यांच्या लक्षात आले. त्यांनी जाऊन ती एक कळ बदलली आणि यंत्र बरोबर थांबले. १९९६ मध्ये बार्कली फ्रिट्झ यांनी या स्त्रियांची कथने एकत्र करून प्रसिद्ध केली, तेव्हाही हेच पुढे आले.

कोणाचे खरे मानायचे? ग्रंथ छापील आहे म्हणून तो पुरावा आणि मुलाखत तोंडी आहे म्हणून ती गप्पा, असे म्हणता येणार नाही. गोल्डस्टाइन यांचा ग्रंथही २६ वर्षांनंतर लिहिलेला आहे, तीही आठवणच. फरक इतकाच की एकाच्या आठवणीला छापखाना मिळाला, दुसरीला मिळाला नाही. मग कसोटी कोणती लावायची? ज्याने हाताने काम केले त्याला कामाचे बारकावे माहीत असतात. दोघींच्या सांगण्याचा मेळ बसतो, आणि त्यात कोणती कळ, कोणती चूक, असा तपशील आहे. आम्ही या कसोटीवर त्यांच्या बाजूने झुकतो. पण कसोटी लावूनच, भक्तीने नाही.

भक्तीचा विषय निघालाच आहे. ज्या वर्षी एनिॲकचा करार झाला, त्याच वर्षी, १८ जानेवारी १९४३ रोजी, बाबासाहेबांनी पुण्यात रानडे यांच्या जयंतीला केलेल्या भाषणात थोर पुरुष इतिहास घडवतात का, हा प्रश्न हाताळला होता आणि विभूतिपूजेवर कठोर टीका केली होती. माणूस इतिहास घडवतो, हे त्यांनी नाकारले नाही. पण माणसाला देव करून इतरांची बुद्धी गहाण टाकणे त्यांना मान्य नव्हते. संगणकाच्या इतिहासात एकर्ट-मॉकली यांचे कर्तृत्व आम्ही नाकारत नाही. त्यांच्या सावलीत इतरांना पुसून टाकणे नाकारतो. ही पुसापुशी किती सहज होते पहा : १९८० च्या दशकात कॅथी क्लेमन या विद्यार्थिनीला एनिॲकच्या जुन्या फोटोंत स्त्रिया दिसल्या. या कोण, असे विचारल्यावर तिला उत्तर मिळाले की यंत्र शोभून दिसावे म्हणून उभ्या केलेल्या मॉडेल असतील. क्लेमन यांनी उत्तर मान्य केले नाही, त्या स्त्रियांना शोधून काढले आणि बोलते केले.

पण या मौखिक इतिहासाचेही कौतुक आंधळेपणाने करू नये. मुलाखतींच्या यादीत अभियंते, व्यवस्थापक, गणितज्ञ भरपूर आहेत. पन्नास लाख सांधे ज्यांनी एकेक करून डागले, तारा ओढल्या, कारखान्यात युनिव्हॅकच्या पेट्या जोडल्या, त्यांचे आवाज त्या संग्रहांत शोधावे लागतात. पदवी असलेल्यांना उशिरा का होईना खुर्ची मिळाली, पदवी नसलेल्यांपर्यंत ध्वनिमुद्रक पोहोचता पोहोचला नाही. उतरंड जशी कारखान्यात होती, तशीच ती दफ्तरात उतरली.

मराठीत या कामाचा दाखला आपल्याकडे आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना घरोघर जाऊन बोलते केले आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ दिला. ज्यांच्यापैकी अनेकींचे नाव कोणत्या इतिवृत्तात नव्हते, त्या तिथे स्वतः बोलल्या. फिलाडेल्फियातल्या गणिती स्त्रिया आणि आपल्या आया-आज्या यांची परिस्थिती एक नाही. जातीचा जाच वेगळा, हे विसरून चालणार नाही. पण न नोंदवलेले श्रम मालकाच्या खात्यावर जमा होतात, हा नियम दोन्हीकडे सारखाच चालतो.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. ज्यांनी हाताने काम केले, त्यांना आज विचारा. तुम्ही नेमके काय केले, कोणाबरोबर केले, मजुरी किती, हुद्दा काय लिहिला होता, काम कधी आणि कोणत्या कारणाने सुटले, हे विचारा. नावे पूर्ण लिहा. एकाचे सांगणे दुसऱ्याच्या सांगण्याशी ताडून पहा. जीन बार्टिक यांची मुलाखत झाली तेव्हा त्या ८३ वर्षांच्या होत्या आणि २०११ मध्ये त्या गेल्या. तीन वर्षे उशीर झाला असता, तर ती मुलाखत झालीच नसती. आपल्या वस्त्यांत, गिरण्यांच्या चाळींत, कारखान्यांच्या वसाहतींत अशी ८३ वर्षांची माणसे आज किती आहेत, आणि त्यांच्यासमोर बसायला आपल्यातले किती जण तयार आहेत?