पॅरिसची न्याहारी : क्रोसाँ आणि स्त्रियांचे टेबल

पॅरिसच्या पातिसरीत न्याहारीला समोर येणारा क्रोसाँ वंशाने ऑस्ट्रियन आहे. १६८३ च्या व्हिएन्ना वेढ्यानंतर तुर्कांच्या चंद्रकोरीवरून तो घडला आणि मारी आंत्वानेतने फ्रान्सला आणला, ही कथा रंजक खरी; परंतु तिला समकालीन पुरावा नाही.

पुरावा आहे तो ऑगस्ट झांगचा. तोफखान्यातील या माजी अधिकाऱ्याने १८३० च्या दशकाअखेर पॅरिसमध्ये व्हिएन्नी पद्धतीची बेकरी थाटली. तिथल्या चंद्रकोरी पावाचे अनुकरण स्थानिक बेकरीवाल्यांनी केले. लोण्याच्या घड्यांचा पापुद्रेदार क्रोसाँ मात्र बऱ्याच नंतरचा. झांग व्हिएन्नाला परतला आणि चक्क वृत्तपत्राचा मालक झाला.

पदार्थापेक्षा बसण्याच्या जागेचा इतिहास अधिक बोलका. त्या काळी कॅफे पुरुषांचा. प्रतिष्ठित घरातील स्त्रीने तिथे एकटीने बसणे म्हणजे लोकापवादाला आमंत्रण. लुई एर्नेस्त लादुरे यांनी १८६२ मध्ये काढलेली बेकरी १८७१ च्या कम्यूनमधील आगीत जळाली व तिच्या जागी पातिसरी उभी राहिली. पुढे लादुरे कुटुंबातील झान सुशार यांनी कॅफे आणि पातिसरी एकत्र आणून चहागृह सुरू केले, असे ही पेढी सांगते. मिठाईच्या दुकानात जाण्याला कुणाची हरकत नव्हती. तिथेच टेबल-खुर्ची आल्यावर स्त्रियांना पुरुषाच्या सोबतीविना निवांत बसता येऊ लागले.

त्या टेबलांवर बसणाऱ्या फ्रेंच स्त्रियांना मताधिकार मिळाला तो थेट १९४४ मध्ये.