नाळेवरची तोफ

श्रोतेहो, पूर्वरंगात आपण शक्ती पाहिली. आता आख्यानाला आपल्याच अंगणातलं उदाहरण घेऊ. हा कामणदुर्ग बघा. त्याच्या माथ्यावर उभं राहिलं की वसईची खाडी दिसते. त्या खाडीतून एके काळी फिरंग्यांची जहाजं जात-येत, दोन्ही कुशींना तोफांच्या रांगा. एका अंगाच्या सगळ्या तोफा मिळून सुटल्या की समोरचं गलबत फुटलंच म्हणून समजा.

आमच्या आंग्र्यांकडे तेवढी थोर जहाजं नव्हती. पण युक्ती होती. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं जहाज. त्याच्या नाळेकडे, म्हणजे तोंडाला, दोन मोठ्या तोफा. गोळा चार ते साडेपाच किलोचा. शत्रूच्या कुशीसमोर यायचंच नाही. पाठीमागून गाठायचं, नाळेवरून मारा करायचा, शिडं-डोलकाठ्या तोडायच्या. मग चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबतं सुटत आणि माणसं वर चढत. वारा पडला तर मोठं जहाज जागीच खिळतं, वल्हं मात्र चालतं! आणि समुद्रावर तोफ डागणं म्हणजे पाळण्यात बसून सुईत दोरा ओवणं. खाली लाट हलते, वर तोफ मागं उसळते. दोरांनी जखडली नाही, तर ती आपल्याच माणसांना चिरडायची.

सन १७३९. चिमाजी आप्पांनी फेब्रुवारीत वसईला वेढा घातला. वज्रेश्वरीला नवस केला, असं सांगतात. आपल्यापैकी कितीतरी जण त्या पायऱ्या चढून आले असतील. तट पाडला तो जमिनीखालच्या सुरुंगांनी, मेमध्ये. १६ मे रोजी तह झाला. हरलेल्या फिरंग्यांना आठ दिवसांची मुदत देऊन शस्त्रांसह, मानानं जाऊ दिलं. जिंकणाऱ्यानं असं वागावं, याला मी तरी तोफेपेक्षा मोठं मानतो.

पण मंडळी, आख्यान इथं संपत नाही. कटू आहे, तरी सांगायला हवं. सतराच वर्षांनी, सन १७५६. तुळाजी आंग्रे पेशव्यांचं ऐकेनात. नानासाहेबांनी त्यांच्यावर कुणाची मदत घेतली? इंग्रजांची! वॉटसनची साठ-सत्तर तोफांची जहाजं विजयदुर्गासमोर उभी राहिली, जमिनीकडून रामाजी महादेवांची फौज. १२ फेब्रुवारीला इंग्रजांचा एक पेटता गोळा आंग्र्यांच्या एका जहाजावर पडला. तेही कोणतं? पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकून आणलेलं. शेजारी शेजारी उभी होती सगळी. एकाची आग दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. कान्होजींच्या काळापासून जपलेलं आरमार रात्रीपर्यंत जळत राहिलं. आता सांगा, ही राख कोणाची? आंग्र्यांची, की आपल्या सगळ्यांची?

दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. त्यावर निशाण लागलं ते इंग्रजांचं; पेशव्यांच्या हाती तो द्यायला त्यांनी महिने लावले. पुढं डिसेंबर १७८० मध्ये गोडार्डनं वसईही घेतली. तेव्हा या खाडीच्या तोंडाशी त्याला अडवायला आंग्र्यांचं ते आरमार नव्हतं.