दर तिसऱ्या अक्षराला

साल १९९६. दिल्लीत मे महिन्याची लू सुटली आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातल्या लाल विटांच्या इमारतीत तुम्ही घाम पुसत शिरता. संगणकाच्या खोलीत जाडजूड मॉनिटर आहे, शेजारी फ्लॉपींची चळत. खिशातला मोबाइल इथे निव्वळ ओझं. विचारायला गूगलही अजून जन्मलेलं नाही.

पडद्यावर डीएनएची चारच अक्षरं धावताहेत: ए, टी, जी, सी. गेल्याच वर्षी हिमोफिलस इन्फ्लुएन्झा या जिवाणूची सगळी १८ लाख ३० हजार अक्षरं जाहीर झाली. मधे ना पूर्णविराम, ना परिच्छेद. यात प्रथिन कसं घडवायचं ते सांगणारा मजकूर कुठे आणि भरताड कुठे, हे ओळखायचं कसं? प्रचलित वाट अशी, की माहीत असलेल्या जनुकांवर प्रोग्रॅमला शिकवायचं आणि तसंच काही हुडकायला लावायचं. पण याच विद्यापीठात आलोक आणि सुधा भट्टाचार्य आमांशाच्या अमीबावर काम करतात. ज्या जीवाची मोजकीच जनुकं ठाऊक आहेत, त्याच्यासाठी शिकवणार काय? भौतिकशास्त्राचे रामकृष्ण रामस्वामी आणि त्यांचे सहकारी वेगळंच विचारताहेत: अर्थ राहू द्या, या अक्षरांत तीनचा ठेका आहे का?

खुर्ची ओढा. ३५१ अक्षरांचा तुकडा घ्या आणि फक्त जी पाहा. जिथे जी तिथे १, नाही तिथे ०. तुकड्यात ११७ त्रिकं आहेत. त्रिकातली पहिली, दुसरी, तिसरी जागा असे तीन रकाने आखून जी मोजा. समजा, ४५, २०, २५ भरले. आता या तीन आकड्यांएवढ्या लांबीचे तीन बाण एकमेकांशी १२० अंशांचा कोन करून काढा आणि त्यांची बेरीज करा. तिन्ही रकान्यांत तीस-तीस असते, तर बाणांनी एकमेकांना खोडलं असतं, हाती शून्य. इथे मात्र बाकी उरते; तिच्या लांबीचा वर्ग ५२५. फूरिए रूपांतर एक-तृतीयांश वारंवारितेवर नेमकं हेच करतं. संगणक चारही अक्षरांसाठी ही बाकी काढतो आणि वर्गांची बेरीज घेतो.

रकाने असे कमी-जास्त का भरतात? प्रथिनातलं एकेक अमिनो आम्ल अक्षरांच्या एकेका त्रिकाने लिहिलेलं असतं. ॲलनिन, ग्लायसिन, व्हॅलिन, अस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्ल या पाच अमिनो आम्लांची सगळी त्रिकं जी-नेच सुरू होतात. याउलट तिसऱ्या जागी पुष्कळदा कुठलंही अक्षर चालून जातं. त्यामुळे प्रथिनाचा मजकूर असेल तिथे तिन्ही जागांचा कल वेगवेगळा पडतो. प्रथिन लिहायचंच नाही तिथे ही शिस्त पाळायला कारण नसतं.

आता ही ३५१ अक्षरांची खिडकी क्रमावरून पुढे सरकवत न्या. वर्गांची ती बेरीज, म्हणजे एक-तृतीयांशावरचा सुळका, बाकीच्या वारंवारितांच्या सरासरी गोंगाटाच्या चौपट झाला, की तिथे खूण करा. आलेख बराच वेळ जमिनीला चिकटून राहतो, मग उसळतो, पुन्हा बसतो. वेगवेगळ्या जीवांची मिळून ५५ लाखांहून अधिक अक्षरं या चाळणीतून जाणार आहेत. पुढच्या वर्षी तिवारी, रामचंद्रन, दोघे भट्टाचार्य आणि रामस्वामी यांचा शोधनिबंध छापून येईल. प्रोग्रॅमचं नाव असेल जीनस्कॅन.

हुरळून जाऊ नका. शंभरेक अक्षरांचा एक्झॉन, म्हणजे जनुकातला मजकुराचा तुकडा, ३५१ च्या खिडकीत बुडून जातो. खिडकी लहान करावी, तर गोंगाटच सुळक्यासारखा उभा राहतो. शिवाय उसळी ‘इथे कुठेतरी’ एवढंच सांगते. नेमकी कडा शोधायला आरंभाची आणि समाप्तीची त्रिकं, एक्झॉन आणि त्यांच्या मधला बिनमजकुराचा भाग, म्हणजे इंट्रॉन, यांचे सांधे धुंडाळावेच लागतात. इंट्रॉन नसलेल्या जिवाणूंत ते सोपं जातं. माणसाच्या जनुकांत एक्झॉनचे लहान-लहान तुकडे लांबच लांब इंट्रॉनांमधे विखुरलेले असतात, तिथे खरी दमछाक होते.

तुमच्या काळातले प्रोग्रॅम यापेक्षा कितीतरी अचूक आहेत, कारण त्यांनी हजारो जनुकं पाहिली आहेत. या खोलीतल्या पद्धतीने एकही पाहिलेलं नाही. म्हणूनच कुणी न हाताळलेल्या जीवाचा क्रम टेबलावर आला, तरी तिला कामाला लागायला कुणाच्या ओळखीची गरज पडत नाही.