सायमेड लाइफ सिस्टिम्स विरुद्ध ॲडव्हान्स्ड कार्डिओव्हॅस्क्युलर सिस्टिम्स

सायमेड लाइफ सिस्टिम्स विरुद्ध ॲडव्हान्स्ड कार्डिओव्हॅस्क्युलर सिस्टिम्स हा हृदयोपचारातील फुगा-कॅथेटरच्या पेटंटांविषयीचा अमेरिकेतील खटला होय. फेडरल सर्किट अपील न्यायालयाने १४ मार्च २००१ रोजी त्याचा निकाल दिला. आधीच्या ज्या रचनेला पेटंटधारकाने स्वतःच दोष दिला, तीच रचना दाव्यांच्या व्यापक शब्दांच्या आधारे आपल्या हक्कात घेता येते काय, हा त्यातील मुख्य प्रश्न होता.

पार्श्वभूमी

अँजिओप्लास्टीमध्ये अरुंद झालेल्या धमनीत कॅथेटर सरकवून त्याच्या टोकाचा फुगा फुगवला जातो. जागृत रुग्णाच्या हृदयधमनीवर हा उपचार आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७७ मध्ये झुरिच येथे प्रथम केला. अशा कॅथेटरमध्ये दोन मार्ग लागतात : एक मार्गदर्शक तारेसाठी, दुसरा फुगा फुगवणाऱ्या द्रवासाठी. हे मार्ग शेजारी-शेजारी ठेवता येतात किंवा एकाच अक्षाभोवती, म्हणजे तारेच्या मार्गाभोवती द्रवाचा कंकणाकृती मार्ग, असेही रचता येतात. दुसऱ्या रचनेस समाक्ष रचना म्हणतात.

वाद

पेटंटाच्या दस्तऐवजात शोधाचे वर्णन आणि हक्काची सीमा आखणारे दावे असे दोन भाग असतात. सायमेडच्या तीन पेटंटांच्या वर्णनात शेजारी मार्ग असलेली जुनी कॅथेटरे अधिक जाड व ताठर असल्याचे म्हटले होते, आणि शोधाच्या सर्व रूपांत समाक्ष रचना असल्याचे नमूद केले होते. प्रतिवादीच्या कॅथेटरांत मार्ग शेजारी-शेजारी होते. दाव्यांत समाक्षतेची अट नाही, असे सायमेडचे म्हणणे होते. उत्तर कॅलिफोर्नियाच्या जिल्हा न्यायालयाने ते अमान्य केले.

निर्णय

अपील न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. न्यायमूर्ती विल्यम ब्रायसन यांनी निकालपत्र लिहिले. दावे वर्णनाच्या प्रकाशात वाचावेत, परंतु वर्णनातील मर्यादा दाव्यांत घुसडू नयेत, या दोन नियमांमधील रेषा सूक्ष्म असते. येथे मात्र वर्णनानेच जुनी रचना शोधाबाहेर ठेवली होती. म्हणून दाव्यांचे शब्द सुटे वाचल्यास व्यापक वाटले, तरी ती रचना त्यांत येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. वर्णनात नाकारलेली रचना समतुल्यतेच्या तत्त्वानेही परत मिळवता येत नाही, असेही त्याने म्हटले.

महत्त्व

दाव्याचा अर्थ उल्लंघन ठरवताना आणि पेटंटाची वैधता तपासताना एकच धरावा लागतो. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला गाठण्यासाठी दावा ताणला, तर तो पूर्वज्ञात तंत्रावर जाऊन पडण्याचा व पेटंटच रद्द होण्याचा धोका असतो. पेटंटधारकाने जुन्या साधनांवर केलेली टीका वाचकांनी खरी मानावी आणि त्या साधनांचा मार्ग इतरांना मोकळा राहावा, हा या निर्णयाचा आशय आहे. फिलिप्स विरुद्ध एडब्ल्यूएच या २००५ च्या पूर्णपीठाच्या निकालातही त्याचा आधार घेण्यात आला.