गो-अराउंड : न उतरण्याचा निर्णय

मुंबईत पावसाळ्याचे दिवस असतात. विमान ढगांतून खाली येते, खिडकीतून वस्त्यांची छपरे दिसू लागतात, चाके बाहेर आल्याचा आवाजही होतो. आता धावपट्टीला स्पर्श होणार अशी अपेक्षा असतानाच इंजिनांचा आवाज एकदम वाढतो, पाठ आसनाला टेकते आणि विमान पुन्हा वर झेपावते. काही प्रवासी देवाचे नाव घेतात, काही जण वैमानिकाच्या कौशल्याबद्दल शंका व्यक्त करतात. दहा-पंधरा मिनिटांनी विमान सुखरूप उतरते आणि दुसऱ्या दिवशी 'प्रवासी थोडक्यात बचावले' अशी चर्चा सुरू होते.

वास्तविक या प्रसंगात बहुतेक वेळा कोणीही थोडक्यात बचावलेले नसते. विमानशास्त्राच्या परिभाषेत याला 'गो-अराउंड' म्हणतात. टेक-ऑफ आणि लँडिंग यांच्याइतकीच ही एक नेहमीची, प्रशिक्षणात वारंवार घोटून घेतली जाणारी कृती आहे. गेल्या काही वर्षांतील भारतातील दोन मोठ्या विमान अपघातांचे अहवाल वाचले तर प्रवाशांनी गो-अराउंडला घाबरण्याऐवजी गो-अराउंड न केल्याला घाबरावे, असेच म्हणावे लागते.

गो-अराउंड म्हणजे काय?

धावपट्टीकडे येण्याच्या शेवटच्या टप्प्याला वैमानिक 'अप्रोच' म्हणतात. हा टप्पा मध्येच सोडून देऊन विमान पुन्हा वर नेणे म्हणजे गो-अराउंड. वैमानिक इंजिनांना पूर्ण जोर देतो, विमानाचे नाक वर उचलतो, फ्लॅप्स टप्प्याटप्प्याने कमी करतो आणि विमान वर चढू लागल्याची खात्री होताच चाके आत घेतो. त्यानंतर कोणत्या दिशेने आणि किती उंचीपर्यंत जायचे, याचा मार्ग प्रत्येक विमानतळाच्या नकाशावर आधीच छापलेला असतो. हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष विमानाला पुन्हा रांगेत घेतो आणि दुसरा प्रयत्न होतो.

कारणे अनेक असतात. आधी उतरलेल्या विमानाने धावपट्टी वेळेत मोकळी केलेली नसते, पावसामुळे ठरावीक उंचीवर येऊनही धावपट्टीचे दिवे दिसत नाहीत, वाऱ्याची दिशा अचानक बदलते, किंवा धावपट्टीवर पक्षी, कुत्रा वा एखादे वाहन आढळते. मात्र सुरक्षिततेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे 'अस्थिर अप्रोच'.

स्थिर आणि अस्थिर

विमान धावपट्टीपासून १००० फुटांवर आले (हवामान स्वच्छ असल्यास ५०० फुटांवर) की काही अटी पूर्ण झालेल्या असाव्यात, असा जगभरातील विमान कंपन्यांचा सर्वसाधारण नियम आहे. विमान योग्य मार्गावर हवे, चाके व फ्लॅप्स उतरण्याच्या स्थितीत हवेत, वेग ठरलेल्या मर्यादेत हवा, खाली येण्याची गती मिनिटाला १००० फुटांपेक्षा अधिक नको आणि तपासणी यादी पूर्ण झालेली हवी. यातील एकही अट पूर्ण झालेली नसेल, तर गो-अराउंड करावा.

हा नियम इतका कडक का, हे साध्या गणिताने समजते. प्रवासी विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून खाली येते. या उतारावर धावपट्टीच्या टोकावरून जाताना विमान १५० फूट जास्त उंच असेल, तर ते सुमारे ८७० मीटर पुढे जाऊन टेकेल. वेगाचेही तसेच. थांबवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १४४ नॉटऐवजी १६० नॉट वेग असेल, तर वेगातील वाढ ११ टक्के दिसते, पण ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा सुमारे २३ टक्क्यांनी वाढलेली असते. त्यात धावपट्टी ओली असेल आणि वारा पाठीमागून वाहत असेल, तर हिशेब आणखी बिघडतो.

मंगळूर, २०१०

वरील उदाहरणातील आकडे काल्पनिक नाहीत. २२ मे २०१० रोजी पहाटे दुबईहून मंगळूरला आलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या बोइंग ७३७ विमानाचे ते आकडे आहेत. हे विमान धावपट्टीच्या टोकावरून जाताना ५० फुटांऐवजी सुमारे २०० फूट उंचीवर होते आणि त्याचा वेग १६० नॉटपेक्षा जास्त होता. २४५० मीटर लांबीच्या धावपट्टीवर ते सुमारे ५२०० फूट, म्हणजे जवळपास १६०० मीटर पुढे जाऊन टेकले. डोंगरमाथा सपाट करून बांधलेल्या या 'टेबलटॉप' धावपट्टीपलीकडे दरी होती. विमानातील १६६ जणांपैकी १५८ जण मृत्युमुखी पडले आणि केवळ ८ जण वाचले.

हवाई दलाचे निवृत्त उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने या अपघाताची कारणमीमांसा केली. सहवैमानिकाने मुख्य वैमानिकाला तीन वेळा गो-अराउंड करण्यास सांगितले होते. जमीन जवळ येत असल्याचा इशारा देणारी यंत्रणाही कॉकपिटमध्ये वारंवार सूचना देत होती. तरीही अप्रोच सोडला गेला नाही. मुख्य वैमानिक प्रवासाचा बराच काळ झोपलेला होता आणि झोपेतून उठल्यानंतर येणारी गुंगी त्याच्या निर्णयशक्तीवर परिणाम करणारी ठरली असावी, असे अहवालात म्हटले आहे. मंगळूरचे रडार त्या दिवशी बंद असल्याने विमानाला खाली येण्याची परवानगी नेहमीपेक्षा उशिरा मिळाली होती, याचीही नोंद त्यात आहे.

मात्र अहवालातील सर्वांत विचार करायला लावणारा मुद्दा सहवैमानिकाविषयीचा आहे. मुख्य वैमानिक ऐकत नसेल, तर सहवैमानिकाने स्वतः नियंत्रण हाती घ्यावे की नाही, याबाबतच्या सूचना संदिग्ध होत्या. बहुधा त्यामुळेच त्याने बोलून दाखवले, पण विमान हातात घेतले नाही.

या अपघातातील शेवटची चूक याच्या अगदी उलट स्वरूपाची होती. विमान टेकल्यावर, इंजिनांचा उलटा जोर लावल्यानंतर, मुख्य वैमानिकाने पुन्हा उड्डाण करण्याचा प्रयत्न केला. उलटा जोर लावल्यानंतर गो-अराउंड करू नये, असा बोइंगचा स्पष्ट नियम आहे. जो निर्णय काही क्षण आधी सर्वांना वाचवू शकला असता, तोच निर्णय उशिरा घेतल्याने घातक ठरला.

कोळिकोड, २०२०

दहा वर्षांनी हीच घटना थोड्या फरकाने पुन्हा घडली. ७ ऑगस्ट २०२० रोजी करोनाकाळातील 'वंदे भारत' मोहिमेंतर्गत दुबईहून आलेले त्याच कंपनीचे बोइंग ७३७ विमान मुसळधार पावसात कोळिकोडच्या टेबलटॉप धावपट्टीवर उतरत होते. पहिला अप्रोच वैमानिकांनी सोडून दिला होता. मुख्य वैमानिकाच्या बाजूचा काचेवरील वायपर नीट चालत नव्हता. दुसरा प्रयत्न धावपट्टीच्या दुसऱ्या बाजूने झाला, तेव्हा वारा पाठीमागून वाहत होता. २७०० मीटरच्या धावपट्टीवर विमान ४४३८ फूट, म्हणजे सुमारे १३५० मीटर पुढे टेकले. अर्धी धावपट्टी मागे पडली होती. विमान टोकापलीकडे घसरून खाली कोसळले आणि त्याचे तीन तुकडे झाले. १९० जणांपैकी दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला.

विमान अपघात तपास विभागाचा अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर झाला. सहवैमानिकाने गो-अराउंड करण्यास सांगूनही अप्रोच सुरू ठेवला गेला आणि सहवैमानिकाने नियंत्रण हाती घेतले नाही, हे संभाव्य कारण म्हणून नोंदवले गेले. मंगळूरच्या अहवालातील निष्कर्षाचीच ही पुनरावृत्ती होती.

या अहवालात कंपनीच्या धोरणावरही बोट ठेवले आहे. मुख्य वैमानिकाला दुसऱ्या दिवशी सकाळी कोळिकोडहूनच पुढचे उड्डाण करायचे होते. तेथे पुरेसे मुख्य वैमानिक नेमलेले नसल्याने विमान दुसरीकडे वळवले तर ते उड्डाण अडचणीत आले असते. कोळिकोडलाच उतरण्याचा आग्रह यातून निर्माण झाल्याचे अहवाल सांगतो. कॉकपिटमधील निर्णयाची मुळे कधी कधी कंपनीच्या वेळापत्रकात असतात, हे यातून दिसून आले.

निर्णय का टाळला जातो?

ही समस्या केवळ भारतापुरती मर्यादित नाही. 'फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासानुसार साधारण ३ ते ४ टक्के अप्रोच अस्थिर असतात आणि त्यांपैकी जेमतेम ३ टक्के प्रसंगीच वैमानिक गो-अराउंड करतात. म्हणजे हजार अप्रोचपैकी सुमारे ३५ अस्थिर आणि त्यांतला एखादाच सोडून दिलेला. धावपट्टीवरून विमान घसरण्याच्या १६ वर्षांतील घटनांचा अभ्यास करून याच संस्थेने ८३ टक्के घटना गो-अराउंडच्या निर्णयाने टळू शकल्या असत्या, असा निष्कर्ष काढला.

कारणे मानवी स्वभावात आहेत. धावपट्टी समोर दिसत असते, गंतव्यस्थान जवळ आलेले असते, आधीच्या अनेक वेळा थोड्या जास्त वेगाने येऊनही विमान व्यवस्थित थांबलेले असते. गो-अराउंडमुळे इंधन खर्च होते, वेळापत्रक कोलमडते, वैमानिकांचे कामाचे तास संपत येतात आणि नंतर प्रश्न विचारले जातील, अशी भीती असते. अनुभवी वरिष्ठासमोर कनिष्ठाने बोलायचे कसे, हा आपल्याकडील संकोचही कॉकपिटच्या दाराबाहेर राहत नाही.

यावरचा उपाय म्हणून अनेक विमान कंपन्यांनी दोन गोष्टी धोरणात लिहून ठेवल्या आहेत. पहिली, गो-अराउंड करणाऱ्या वैमानिकावर त्या निर्णयाबद्दल कारवाई होणार नाही. भारतातील नियामक डीजीसीएनेही हीच भूमिका घेतली आहे. दुसरी, दोघांपैकी कोणीही 'गो-अराउंड' असा शब्द उच्चारला की चर्चा न करता तो अमलात आणायचा. कारण विचारायचे ते विमान वर गेल्यावर.

गो-अराउंडही बिनधोक नव्हे

विमान कमी वेगात आणि जमिनीच्या जवळ असताना एकदम पूर्ण जोर देणे, हे काळजीपूर्वक करण्याचे काम आहे. १९ मार्च २०१६ रोजी रशियातील रोस्तोव्ह येथे फ्लायदुबईचे विमान दुसऱ्या गो-अराउंडच्या वेळी कोसळून ६२ जण ठार झाले. त्याच वर्षी ३ ऑगस्टला तिरुवनंतपुरमहून दुबईला गेलेले एमिरेट्सचे बोइंग ७७७ धावपट्टीला टेकल्यानंतर गो-अराउंडसाठी उचलले गेले. चाके टेकल्यामुळे स्वयंचलित जोर देणारे बटण निष्प्रभ झाले होते आणि हे वैमानिकांच्या वेळीच लक्षात आले नाही. विमान थोडे वर जाऊन पुन्हा धावपट्टीवर आदळले. विमानातील सर्व ३०० जण बचावले, मात्र आग विझवताना एका अग्निशामक जवानाचा मृत्यू झाला. मुंबईतही १६ ऑगस्ट २०२५ रोजी खराब हवामानात कमी उंचीवरून गो-अराउंड करताना इंडिगोच्या विमानाची शेपटी धावपट्टीला घासली होती. पुढच्या प्रयत्नात ते सुखरूप उतरले.

वारंवार प्रयत्न करत राहण्याचाही धोका असतो. १८ ऑगस्ट २०१५ रोजी दोहाहून कोचीला आलेल्या जेट एअरवेजच्या विमानाने कोची व तिरुवनंतपुरम मिळून सहा वेळा गो-अराउंड केला आणि अखेर ते अत्यल्प इंधन उरलेले असताना उतरले. निर्णय वेळेवर घ्यावा, तो सरावाने पार पाडावा आणि हवामान साथ देत नसेल तर पर्यायी विमानतळ गाठण्याइतके इंधन हाती असतानाच तिकडे वळावे, हेच यातून शिकण्यासारखे आहे.

मुंबईचा संदर्भ

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी त्यावर तासाला चाळीसहून अधिक विमाने ये-जा करतात. पुढचे विमान काही सेकंद रेंगाळले, तरी मागच्याला गो-अराउंड करावा लागतो. त्याउलट धावपट्टीवरून एक विमान घसरले तर काय होते, हे मुंबईने १ जुलै २०१९ रोजी अनुभवले. जयपूरहून आलेले स्पाइसजेटचे विमान मुसळधार पावसात धावपट्टी ओलांडून पुढे गेले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही, पण चिखलात रुतलेले विमान काढून मुख्य धावपट्टी पुन्हा सुरू होण्यास ५ जुलै उजाडला. एका गो-अराउंडने होणारा पंधरा मिनिटांचा विलंब आणि चार दिवसांची कोंडी यांची तुलना करण्याची गरज नाही.

प्रवाशांनी काय लक्षात ठेवावे?

गो-अराउंडच्या वेळी इंजिनांचा मोठा आवाज, नाक वर होणे आणि चाके आत जाण्याचा धक्का हे सर्व अपेक्षित असते. वैमानिकाकडून काही मिनिटे घोषणा होत नाही, कारण त्या वेळी विमान सांभाळणे आणि नियंत्रण कक्षाशी बोलणे हे त्याचे पहिले काम असते. पट्टा बांधलेला ठेवावा, जागेवरून उठू नये आणि सामान काढू नये. विमान दुसऱ्या शहरात वळवले गेले, तर कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालण्यापूर्वी मंगळूर आणि कोळिकोडची आठवण ठेवावी. त्या दोन्ही विमानांतले प्रवासी एका तासाच्या विलंबाने का होईना घरी पोहोचू शकले असते.