स्लॅम बुकातला शेजाऱ्यांचा नंबर

विषय सोशल मीडियावरच्या खेळांचा आहे, पण सुरुवात मी उखाण्यापासून करतो. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही हा जुना रिवाज. आणि मंगळागौरीला, हळदीकुंकवाला चार बायका जमल्या की तेच नाव घ्यायला लावणार! एरवी जे सांगायचं नाही, ते खेळात, सगळ्यांच्या आग्रहाखातर सांगितलं जातं. युक्ती जुनीच आहे. फक्त तिथे सांगणारी आणि ऐकणाऱ्या एकाच खोलीत असत.

आता नव्वदच्या दशकात या. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, शाळा कुठलीही घ्या. दहावीचा निरोपसमारंभ जवळ आला की वर्गात स्लॅम बुक फिरायचं. (युरोपात एकोणिसाव्या शतकात अशाच वह्या होत्या, त्यांना कन्फेशन अल्बम म्हणत. मार्सेल प्रूस्तने मुलगा असताना भरलेली वही तर पुढे प्रसिद्धच झाली.) टोपणनाव, वाढदिवस, आवडता हिरो, क्रश कोण, पत्ता, फोन. फोन सगळ्यांच्या घरी नव्हता. मग सात आकडी नंबर लिहून पुढे ‘पी.पी.’ लिहायचं. म्हणजे नंबर शेजारच्या काकूंचा. काकूंना कुणी विचारलं होतं? आणि क्रशच्या रकान्यात नाव असायचं ते दुसऱ्याच कुणाचं. भरणाऱ्याला वाटतं आपण स्वतःबद्दल लिहितोय, पण खेळात नसलेली माणसंही वहीत येऊन बसतात. माझ्या मते पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे. अर्थात वही एकीच्या कपाटात राहायची. फार तर तिचा भाऊ चोरून वाचायचा.

२००४ मध्ये ऑर्कुट आलं. स्टेशनबाहेरच्या सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून पोरं एकमेकांना ‘टेस्टिमोनियल’ लिहू लागली. म्हणजे तुमच्याबद्दल लिहिणार तुमचा मित्र. मग फेसबुक. २००९ च्या सुरुवातीला तिथे एक साखळी फिरली: स्वतःबद्दलच्या २५ गोष्टी लिहा आणि २५ जणांना टॅग करा. टॅग झालेल्याने लिहिलं नाही तर तो शिष्ट! उखाण्याचाच आग्रह, पण इथे खोलीच्या भिंती नव्हत्या.

या काळातला एक आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. केंब्रिज विद्यापीठातले अलेक्झांडर कोगन यांनी २०१३ मध्ये एक ॲप काढलं, त्याचं नाव ‘धिस इज युवर डिजिटल लाइफ’. तसा तो खेळ नव्हे, व्यक्तिमत्त्वाची चाचणी होती. पण तेव्हा फेसबुकवर ‘तुम्ही कोणत्या स्वभावाचे’ छापाच्या क्विझचा सुकाळ होता, आणि त्यांच्यासाठी जे दार उघडं होतं त्याच दाराने हे ॲप आत शिरलं. फेसबुक त्या काळी ॲपला वापरणाऱ्याची माहिती देई, आणि त्याच्या मित्रांचीही देई. ही माहिती केंब्रिज ॲनालिटिकाकडे गेली. एप्रिल २०१८ मध्ये फेसबुकने भारताचा हिशोब दिला: ॲप घेणारे ३३५, आणि माहिती गेली असण्याची शक्यता असलेले एकूण ५,६२,४५५.

थांबून बघा. ३३५ माणसं म्हणजे आपल्याकडची एखादी मध्यम हाउसिंग सोसायटी. त्या प्रत्येकामागे सरासरी सुमारे १,६७८ माणसं, ज्यांनी ते ॲप उघडलंही नव्हतं. वाढदिवस, राहतं शहर, लाइक केलेली पानं, सगळं मित्रामार्फत. ‘मित्र वापरतात ती ॲप्स’ अशी एक सेटिंग होती, तिथे जाऊन हे बंद करता येत होतं, असं कंपनीच्या बाजूने म्हणता येईल. पण न खेळणाऱ्याने त्या खेळाच्या नियमांत जाऊन आपलं नाव खोडायचं, हा न्याय मला तरी पटत नाही. मित्रांच्या माहितीचं हे दार २०१४ मध्ये नव्या ॲपसाठी आणि २०१५ मध्ये जुन्यांसाठी बंद झालं. आपल्याकडे सीबीआयने जानेवारी २०२१ मध्ये गुन्हा नोंदवला.

एक खास आपल्याकडची गोष्ट सांगतो. पासवर्ड विसरलात तर आईचं माहेरचं आडनाव विचारण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती. आपल्यात मामाचं आडनाव म्हणजे तेच! गणपतीच्या फोटोत भाच्याने ‘आमचा मामा’ म्हणून टॅग केलं, की उत्तर झालं.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा इथे गंमतशीर आहे. व्यक्तीने खाजगी किंवा घरगुती कारणासाठी माहिती वापरली, तर तो कायदा लागू नाही. ज्याची माहिती त्यानेच ती जाहीर केली असेल, तरीही नाही. पण आडनाव मामाने जाहीर केलेलं नाही, भाच्याने केलंय. मग ते टॅग गोळा करणाऱ्या कंपनीला दुसरी सूट मिळणार नाही, असा माझा वाचनाचा अर्थ आहे. समोर दोघे-तिघे वकील बसलेले दिसतायत; प्रश्नोत्तरं त्यांच्यापासूनच सुरू करू.